संसारात समाधान हवंय? विश्वासी जोडप्यांनो, या चुका टाळा

चर्चमध्ये एकाच पुस्तकातून गीत गाणारी जोडपी घरी पोचेपर्यंत अबोला धरतात, हे आपल्या मंडळ्यांत नवीन नाही. रविवार चुकत नाही, रोजची प्रार्थना चुकत नाही, तरी घरात समाधान नाही. अशा वेळी विश्वास घरात कसा वापरला जातो, तिकडे आधी बघावं.

वचन जोडीदारावर फेकणं
सगळ्यात जास्त घरं इथे पोळतात. 'पत्नींनो, अधीन असा' हे इफिसकरांस पत्राच्या 5व्या अध्यायातलं वचन कित्येक नवऱ्यांना तोंडपाठ असतं. पण त्याच्या आधीचं 21वं वचन दोघांनाही एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतं. पत्नींसाठी तिथे 3 वचनं आहेत. 25व्या वचनापासून हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल पतीकडे वळतो तो जवळजवळ अध्याय संपेपर्यंत. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती कर, एवढं मोठं मागणं त्याच्यापुढे ठेवलेलं आहे. तेव्हा पतीने पतीसाठीची वचनं वाचावीत, पत्नीने पत्नीसाठीची. भांडण चालू असताना तर पवित्र शास्त्र हातात घेऊच नये.

प्रार्थनेतून टोमणे
रात्रीची कौटुंबिक प्रार्थना. मुलं डोळे मिटून बसलेली. आई म्हणते, "प्रभू, ह्यांना पैसे जपून वापरायची बुद्धी दे." धाकटा हळूच एक डोळा उघडून बाबांकडे बघतो. बाबांची मान खाली. अशाने मुलं प्रार्थनेलाच कंटाळतात. तक्रार असेल तर मुलं झोपल्यावर तोंडावर सांगा. प्रार्थनेत आभार माना, तेही नेमके: पोर तापाने फणफणलं होतं, ह्यांनी रात्रभर जागून काढली, म्हणून.

पैशाचं परस्पर ठरवणं
इब्री 13:4 मध्ये लग्नाचा मान राखायला सांगितलंय आणि लगेच पुढच्या वचनात, द्रव्यलोभ नको, जवळ आहे त्यात तृप्त राहा. दोन्ही शेजारी यावीत यात मला नवल वाटत नाही. बाप्तिस्म्याच्या जेवणावळीसाठी काढलेलं कर्ज किंवा घरच्यांना न विचारता दिलेला दशांश (चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग) वर्षानुवर्षं सलतो. दानाचा आकडासुद्धा दोघांनी मिळून ठरवा.

सेवेच्या नावाखाली घराकडे पाठ फिरवणं हेही त्यातलंच. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारला आहे, असं 1 तीमथ्य 5:8 सांगतं.

जोडीदाराने लगेच विश्वास धरावा ही घाई
कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत गेल्या नाहीत. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे एकत्र आल्यावरही त्या आपल्या मनाने, आपल्या गतीने विचार करत राहिल्या आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जोडीदार अजून तयार नसेल तर त्याला तेवढा अवकाश द्या. 1 करिंथ 7:12-13 मध्ये विश्वास न धरणाऱ्या जोडीदाराला, तो नांदायला राजी असेल तर, सोडू नये असंच सांगितलं आहे.

मारहाणीला समाधानाचं नाव देणं
ही चूक जिवावर बेतते. मी असेन त्या स्थितीत तृप्त राहायला शिकलो, असं पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलं ते कैदेतून. पण त्याच पौलाला फटके मारायला बांधलं, तेव्हा तो गप्प बसला नाही. रोमी नागरिकाला चौकशीविना फटके मारणं कायद्यात बसतं का, असं त्याने शताधिपतीला (रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याला) विचारलं (प्रेषितांची कृत्ये 22:25). मार खाणाऱ्या बहिणीनेही कायद्याचा आधार घ्यावा. घरगुती हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, 181 ही महिला हेल्पलाइन आहे. पाळकांनो, तिला 'सहन कर, प्रार्थना कर' म्हणून त्याच घरी परत पाठवू नका. आधी तिच्या सुरक्षित निवाऱ्याची सोय बघा आणि हा नंबर चर्चच्या सूचना फलकावर लावा.