डार्क सोल्स आणि डार्क सोल्स २ यांची तुलना कशी करावी

२०११ साली आलेला डार्क सोल्स हा व्हिडिओ गेम आणि २०१४ साली आलेला त्याचा दुसरा भाग यांची तुलना बहुतेक वेळा आठवणींच्या भरवशावर केली जाते. जो भाग आपण आधी खेळलो, तो अशा वेळी सरस ठरतो. दोन्ही भागांवर माझे प्रेम आहे, म्हणूनच मला वाटते की तुलना नियमांची व्हावी आणि प्रत्येक नियम खेळाडूला काय करायला लावतो हे पाहिले जावे.

आवृत्ती कोणती आहे हे आधी लिहून ठेवावे. दुसऱ्या भागाच्या २०१५ सालच्या ‘स्कॉलर ऑफ द फर्स्ट सिन’ या आवृत्तीत शत्रूंच्या जागा बऱ्याच ठिकाणी बदललेल्या आहेत, त्यामुळे मूळ आवृत्तीवरचा आक्षेप तिला जसाच्या तसा लागू होत नाही. दोन्हीकडे नाइट हा एकच वर्ग (पात्राचा प्रकार) निवडावा आणि ढाल-तलवारीनेच खेळावे.

मग रोलकडे, म्हणजे वार चुकवण्यासाठी मारायच्या कोलांटीकडे, लक्ष द्यावे, कारण सर्वाधिक गैरसमज इथेच होतात. पहिल्या भागात रोलचा वेग अंगावरच्या वजनावर ठरतो आणि चिलखत उतरवले की फरक लगेच जाणवतो. दुसऱ्या भागात मात्र रोल करताना वार चुकवण्याचा अवधी अ‍ॅजिलिटी या स्टॅटवर (पात्राच्या क्षमतेच्या आकड्यावर) अवलंबून असतो आणि ती मुख्यतः अ‍ॅडॅप्टेबिलिटी हा स्टॅट वाढवल्याने वाढते. हे ठाऊक नसलेला खेळाडू अंगावरून गेलेला वार लागला म्हणून खेळालाच दोष देतो. म्हणून अ‍ॅडॅप्टेबिलिटीत काही लेव्हल घातल्याशिवाय दुसऱ्या भागाच्या लढतींवर मत बनवू नये. एवढी महत्त्वाची गोष्ट एका स्टॅटमागे दडवून ठेवणे मला चूक वाटते, पण ती चूक नियमाची आहे, वार मोजण्याची नाही.

मरणाची किंमतही तपासावी. पहिल्या भागात मेल्यावर सोल्स (शत्रू मारून मिळणारे चलन) आणि जवळची ह्युमॅनिटी (पात्राला मानवी रूप परत देणारी वस्तू) मागे राहते, पण कमाल आरोग्य घटत नाही. दुसऱ्या भागात प्रत्येक मरणागणिक ते घटत निम्म्यापर्यंत येते आणि ह्यूमन एफिजी ही वस्तू वापरल्यावर पूर्ववत होते. हाइड्स टॉवर ऑफ फ्लेम या परिसरात मिळणारी रिंग ऑफ बाइंडिंग ही घट बरीच रोखते, तेव्हा ती अंगठी घालून आणि न घालता असे दोन्ही अनुभव घ्यावेत.

नकाशाची तुलना पायी चालूनच करावी. पहिल्या भागात अनडेड पॅरिशच्या चर्चमधली लिफ्ट खाली उतरते आणि बाहेर पडताच समोर फायरलिंक श्राइन, म्हणजे सुरुवातीचा मुख्य तळ, दिसते. कित्येक तास दूर गेल्यासारखे वाटत असताना आपण तिथल्याच शेकोटीच्या मागच्या अंगाला होतो, हे त्या क्षणी कळते. दुसऱ्या भागात अर्दन पीकच्या माथ्यावरून लिफ्ट वर जाते आणि लाव्हाच्या तळ्यात उभ्या असलेल्या आयर्न कीपपाशी सोडते, मात्र खालून पाहताना वर असे काही असल्याची खूण नसते. पहिला भाग इथे निर्विवाद श्रेष्ठ आहे. त्याचे एक कारण प्रवासाच्या नियमातही सापडते, कारण तिथे एका बॉनफायरवरून (विसाव्याच्या शेकोटीवरून) दुसऱ्यावर थेट जाण्याची सोय लॉर्डव्हेसल ही वस्तू मिळेपर्यंत नसते आणि वाटा लक्षात ठेवाव्याच लागतात. दुसऱ्या भागात ती सोय सुरुवातीपासून आहे, पण लेव्हल वाढवायला दर वेळी मजुला या गावातल्या एमराल्ड हेरल्ड या पात्राकडे परतावे लागते.

दुसऱ्या भागाचे खरे बळ पाहायचे असेल तर खेळ एकदा पूर्ण करून तुलना थांबवू नये. सोल व्हेसल ही वस्तू वापरून सगळे स्टॅट नव्याने वाटता येतात आणि त्यामुळे जादूगार होऊन पाहायला दुसरे पात्र लागत नाही. बॉनफायर असेटिक (एक वस्तू) शेकोटीत जाळले की त्या परिसरातले शत्रू अधिक बळकट होतात आणि मेलेला बॉसही (तिथला मुख्य शत्रू) परत येतो. हा बदल मागे घेता येत नाही, म्हणून ते आधी एखाद्या छोट्या परिसरात जाळावे.