रेड वेलवेट सिनॅमन रोल्स घरी करताय? या चुका टाळा

पहिल्यांदा हे दालचिनीचं सारण भरलेले लाल गोड रोल्स केले तेव्हा ट्रेवरचा फॉइल उचलून सासूबाई म्हणाल्या, "अगं, बीटाचे पराठे गुंडाळून ठेवलेस का?" आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं, रंग विटकरी झाला होता, वरून वातड, मधला रोल आतून कच्चट आणि क्रीम चीज सगळं ओघळून ट्रेच्या तळाशी जाऊन बसलेलं. त्यानंतर हट्टाने आठ-नऊ वेळा केले, प्रत्येक वेळी काहीतरी नवीन बिघडलं, पण हळूहळू कळायला लागलं की गडबड नेमकी कुठे होते.

मुळात घोळ नावापासूनच सुरू होतो. रेड वेलवेट म्हटलं की डोक्यात केक येतो, मग आपण केकची रेसिपी काढून त्यातला सोडा, व्हिनेगर, दोन मोठे चमचे कोको असं सगळं उचलून यीस्टच्या पिठात टाकतो. पण हा पाव आहे हो! केक फुगतो सोडा आणि आंबटपणाच्या जोरावर, हे रोल्स फुगतात यीस्टवर, म्हणजे सोड्याचं इथे काही कामच नाही. उलट सोडा घातला की कोको काळपट पडतो आणि तुम्ही घातलेला महागडा लाल रंग पाण्यात, मी पहिल्या वेळी नेमकं हेच केलं होतं. व्हिनेगर घालायचंच असेल तर अर्धा छोटा चमचा, नाहीतर दह्याचा आंबटपणा पुरतो.

पुढे बोलताना हिशोब कळावा म्हणून माझं माप सांगून टाकते, यात 12 मध्यम रोल्स होतात. मैदा 400 ग्रॅम, कोको 12 ग्रॅम, साखर 60 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, मीठ 6 ग्रॅम, कोमट दूध 150 मिली, दही 80 ग्रॅम, एक अंडं, मऊ बटर 60 ग्रॅम. अंडं नको असेल तर दूध 40 मिली वाढवा, फार फरक पडत नाही, रोल थोडा कमी मऊ होतो इतकंच. आपल्याकडे घरात सहसा पिवळं खारं बटर असतं, ते वापरणार असाल तर मीठ 4 ग्रॅमवर आणा. आणि इंग्रजी रेसिपीत दह्याच्या जागी बटरमिल्क लिहिलेलं असतं म्हणून आपलं जेवणातलं ताक ओतू नका, ते फार पातळ असतं, साधं घट्ट दही फेटून घातलं की काम होतं.

आता रंग, कारण सगळ्यात जास्त रडारड यावरच असते.

बाटलीतला पातळ रंग घेतला की लालभडक व्हायला तो इतका घालावा लागतो की पीठ सैल पडतं आणि चवीला कडवट लागतं. जेल रंग घ्या, एक छोटा चमचा पुरतो, आणि तो दुधात नीट विरघळवून मगच मैद्यात घाला. पीठ मळून झाल्यावर "अरे, रंग कमी वाटतोय" म्हणून वरून थेंब टाकलेत तर मळून मळून हात दुखतील पण रेघा जाणार नाहीत. बीटाचा रस घालून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला, कच्चं पीठ काय सुंदर गुलाबी दिसतं! पण बीटाचा रंग ओव्हनच्या उष्णतेत टिकत नाही, बाहेर येतो तो मातकट तपकिरी. सासूबाई म्हणाल्या त्या बीटाच्या पराठ्यांसारखाच. घरात लहान मुलं आहेत म्हणून रंग नकोच असेल तर सरळ साधे सिनॅमन रोल्स करा ना, तेही काय वाईट लागतात का.

कोकोचं पण बघा. पाकिटावर घटकांमध्ये आम्लता नियंत्रक म्हणून 500 किंवा 501 असा आकडा दिसला तर तो कोको बहुतेक अल्कली लावून गडद केलेला असतो, केकमध्ये छान लागतो पण इथे लाल रंगाचा काळपट मरून करून टाकतो. साधा, फिकट तपकिरी कोको मिळाला तर उत्तम. जुन्या काळी या केकला जी लालसर छटा यायची ती अशाच साध्या कोकोवर आंबट ताकाची आणि व्हिनेगरची क्रिया होऊन यायची असं म्हणतात, अगदी हलकी असायची ती, आजचा हा टोमॅटोसारखा लाल म्हणजे बाटलीची कमाल. आणि 12 ग्रॅमच्या वर जाऊ नका, कोको पाणी शोषतो आणि पीठ कोरडं पडतं.

या लाल रंगाचा आणखी एक त्रास आहे जो कुणी सांगत नाही. तो सगळ्या खुणा लपवतो. साधा पाव सोनेरी झाला की आपण ओळखतो, हा आधीच लाल-तपकिरी, मग भाजला गेलाय की नाही ते डोळ्यांना कळतच नाही. दालचिनीचं सारण सुद्धा तपकिरी, त्यामुळे चकलीसारखे वळसे पण नीट दिसत नाहीत. म्हणजे इथे डोळ्यांपेक्षा बोटांवर आणि घड्याळावर जास्त भरवसा ठेवायचा.

मळण्याबद्दल. आपला मैदा परदेशी ब्रेड फ्लावरइतका ताकदवान नसतो, त्यात कोको, साखर, बटर सगळंच ग्लूटेनच्या, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या चिकाच्या, वाटेत येतं, म्हणून पीठ चांगलं तिंबावं लागतं. हाताने 12 ते 15 मिनिटं, पुरणपोळीची कणीक तिंबतो तसं, आपटून ताणून. बटर सुरुवातीला नाही घालायचं, पाच मिनिटं मळून झाल्यावर थोडं थोडं. बटर घातलं की पीठ एकदम चिकट होतं, हाताला, परातीला, बांगड्यांना, सगळीकडे लागतं, आणि इथेच बहुतेक जणी घाबरून मूठभर मैदा टाकतात, झालं, रोल दगड! टाकू नका. दोन मिनिटं झाकून ठेवा, परत मळा, ते आपोआप सुटून येतं. छोटा गोळा ताणल्यावर न फाटता पातळ पडदा होतोय असं दिसलं की थांबा. हो, लाकडी पोळपाट वापरू नका, रंग कायमचा बसतो, ओट्यावरच तेलाचा हात लावून मळा, आणि हातमोजे असतील तर घाला नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे विचारतील मेंदी काढली का.

यीस्ट मेलं, यीस्ट मेलं असं जे आपण म्हणतो त्यातलं निम्मं तर आपणच मारलेलं असतं. दूध उकळवून घेतो ते चांगलंच आहे, पण ते कोमट होईपर्यंत दम धरत नाही. करंगळी बुडवून सुखावह वाटलं पाहिजे, साधारण 35 ते 38 डिग्री, चटका बसला म्हणजे गरम. दुसरं म्हणजे दालचिनीची पूड थेट पिठात मळणे. वासासाठी छान वाटतं पण दालचिनीतला तेलकट अंश यीस्टला मंद करतो, तिची जागा सारणातच. आणि साखर वाढवू नका, गोड पिठात यीस्ट आधीच रडतखडत चालतं.

फुगण्याच्या वेळेवर तर वेगळं लिहावं लागेल. रेसिपीत एक तास लिहिलंय म्हणून एका तासाने उघडून बघणारे लोक... मी नाशिकची, इथे डिसेंबर-जानेवारीत स्वयंपाकघरात पीठ दोन-अडीच तास घेतं आणि निफाडवाल्यांना तर विचारूच नका, आणि एप्रिलमध्ये तेच पीठ 40 मिनिटांत डबल होऊन बाहेर यायला बघतं. घड्याळ नाही, पीठ बघा (हो, वरती घड्याळावर भरवसा ठेवा म्हटलं ते ओव्हनबद्दल होतं). दुप्पट झालं पाहिजे. थंडीत ओव्हन बंद ठेवून आत फक्त दिवा लावा आणि शेजारी गरम पाण्याची वाटी ठेवा, ओव्हनला दिवा नसेल तर नुसती वाटी, ती निवली की बदला. रोल कापून ट्रेमध्ये लावल्यावर दुसऱ्यांदा फुगवायचं असतं, तेव्हा बोटाने हलकं दाबून बघा, खळगा पटकन भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धवट भरला तर तयार, आणि भरलाच नाही तर तुम्ही उशीर केलात, लगेच ओव्हनमध्ये सारा. सकाळी गरम खायचे असतील तर रोल कापून ट्रे झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी तासभर बाहेर काढून ठेवा मग भाजा. मला तर हेच सोयीचं वाटतं, चवही जास्त मुरते.

सारण बाहेर वाहून तळाशी पाक होऊन जळतं ना, त्याचं कारण वितळलेलं बटर. ते पिठावर ओतलं की साखर त्यात तरंगते आणि गुंडाळताना सगळं घसरतं, पुरण सैल झालं की पोळी फुटते तसंच. बटर मऊ हवं, बोट दाबलं की रुतेल असं, 70 ग्रॅम. त्यावर 100 ग्रॅम ब्राऊन शुगर, 2 मोठे चमचे दालचिनी आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लावर, हा कॉर्नफ्लावर पाक धरून ठेवतो. आपल्याकडची ब्राऊन शुगर बऱ्याचदा जाड कोरड्या दाण्यांची असते, ती मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या नाहीतर दाताखाली खरखर येते, गुळाची पावडर पण मस्त लागते. दालचिनी घरी दळली तर चाळून घ्या. वाण्याकडे मिळते ती जाड सालीची बहुतेक कॅसिया असते, तिखटसर, या रोल्सना तीच शोभते असं माझं मत, श्रीलंकेची पातळ पापुद्र्यांची नाजूक असते, कोकोपुढे हरवते.

लाटताना साधारण 40 बाय 30 सेंटीमीटर, जाडी अर्धा सेंटीमीटर. फार घट्ट गुंडाळलं की मधला भाग भाजताना वर उसळतो, डोंगरासारखा. सुरीने कापू नका, रोल चपटे होतात, साधा पांढरा दोरा रोलखालून घ्यायचा, वर आणून फुली मारायची आणि ओढायचं, खसकन कापतो.

ओव्हनकडे येऊ. छोट्या ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, वरचा रॉड ट्रेच्या फार जवळ असतो, वरून जळतं आणि मधून कच्चं राहतं, माझ्या पहिल्या रोल्सचं हेच झालं. ट्रे खालच्या रॅकवर, 175 डिग्री, 10 मिनिटं आधी गरम केलेला ओव्हन, आणि 15 मिनिटांनी वर फॉइल टाका म्हणजे रंग जळून तपकिरी होत नाही. एकूण 22 ते 26 मिनिटं लागतात. थर्मामीटर असेल तर मधल्या रोलच्या पोटात खुपसा, 90 डिग्री दाखवलं की झालं. नसेल तर मधल्या रोलचा वळसा काट्याने जरा उचकटा, आत ओलसर चकाकी दिसली तर परत आत. कडेचा रोल बघून फसू नका, तो नेहमीच आधी होतो.

आणि शेवटी क्रीम. ओव्हनमधून काढल्या काढल्या थापलं की वितळून खाली जातं, तसं थोडं आत मुरलेलं मला आवडतं म्हणून मी दोन हात देते, 10 मिनिटांनी पातळ एक आणि पूर्ण कोमट झाल्यावर दुसरा जाड. क्रीम चीज फ्रिजमधून काढून थेट फेटलं की गुठळ्या राहतात, आणि त्या मोडायला अजून फेटलं की ते पचपचीत होतं, मग आपण घट्ट करायला आयसिंग शुगर घालतो आणि ते आणखीनच पातळ होतं! श्रीखंडात साखर घातल्यावर चक्का कसा सैल होतो आठवा, तोच प्रकार. म्हणून आधी 50 ग्रॅम मऊ बटर आणि 70 ग्रॅम आयसिंग शुगर फेटून घ्या, मग 200 ग्रॅम क्रीम चीज चमच्याने नुसतं मिसळा. बजेट नसेल तर अर्धं क्रीम चीज आणि अर्धा रात्रभर टांगलेला घट्ट चक्का, हलका आंबटपणा येतो तो रेड वेलवेटला उलट जास्त जुळतो, पाहुण्यांना कळतसुद्धा नाही.

उरले तर क्रीम लावलेले फ्रिजमध्येच ठेवावे लागतात, पण फ्रिजमध्ये पाव लवकर कडक होतो, खाताना मायक्रोवेव्हमध्ये 15 सेकंद, जास्त नाही, नाहीतर रबर. बरेच करून ठेवायचे असतील तर क्रीम न लावता फ्रीझरमध्ये, महिनाभर काही होत नाही. अगदीच सुकलेले असतील तर आडवे कापून तव्यावर तुपात खमंग भाजून चहाबरोबर खा, आमच्याकडे हल्ली सासूबाई मुद्दाम दोन बाजूला काढून ठेवतात यासाठी.