पाण्याचा डेक, खिसा सांभाळून

पोकेमॉनच्या कार्डांच्या खेळासाठी एकाच थीमचा डेक, म्हणजे खेळायचा कार्डसंच, बांधायचा असेल तर बूस्टर पाकिटं (आत कोणती कार्डं निघतील ते आधी कळत नाही अशी बंद पाकिटं) फोडत बसू नका. मी फोंड्यात बसून वर्षभर तेच केलं: गवत प्रकाराची कार्डं ढीगभर जमली, पाण्याची हवी होती ती मात्र आलीच नाहीत. सुटी कार्डं घ्या. दोघातिघांनी मिळून मागवली की टपालखर्चही वाटला जातो.

डेक ६० कार्डांचा, एका नावाची जास्तीत जास्त ४. फक्त बेसिक एनर्जीला, म्हणजे हल्ल्यांसाठी लागणाऱ्या साध्या ऊर्जा-कार्डांना, ही मर्यादा नाही. हौसेने समुद्रातला प्रत्येक जीव एकेक घालायचा मोह होतो. टाळा. ४ प्रती ठेवल्या तरी पहिल्या ७ कार्डांत त्यातलं एखादं येण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के. मग एकुलतं एक कार्ड कधी दिसायचं? त्यापेक्षा ४ मॅजिकार्प, ३-४ ग्याराडोस अशी एकच जोडी पक्की धरा (मॅजिकार्पचाच पुढे ग्याराडोस होतो). मॅजिकार्प तर चिल्लरीत मिळतो.

खरे पैसे ट्रेनर कार्डांवर, म्हणजे डावात मदत करणाऱ्या कार्डांवर, घाला, ती पुढच्या डेकलाही चालतात. चकचकीत छपाई नको, साध्या कार्डावरही मजकूर तोच असतो. विकत घेण्याआधी कार्डांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून, जुन्या कार्डांवर ठेवून स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत) सरकवा आणि घरी चार डाव खेळा. निम्मी यादी तिथेच गळते.

आणि हो, आपल्याकडच्या पावसाळ्यात फॉइल, म्हणजे चकचकीत छपाईची, कार्डं पापडासारखी वाकतात. घट्ट झाकणाचा डबा, आत चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या.