आयटीआयमध्ये नव्या अध्यापनपद्धतीवर संशोधन करताय? आधी जॉब मोजायला शिका

फिटर ट्रेडला फाइलिंग (कानशीने धातू घासणं) मोबाइलवरच्या व्हिडिओने शिकवलं तर फरक पडतो का, असा विषय घेतला की आराखडा ठरलेला असतो. पूर्वचाचणी, व्हिडिओ, उत्तरचाचणी, टी-मूल्य (फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, ते तपासायचा आकडा). आकडे छान येतात आणि इथेच माणूस फसतो. प्रश्न त्याच व्हिडिओतून काढलेले असतात. कानस पुढे नेताना दाब द्यायचा, मागे आणताना सोडायचा, हे पेपरात बरोबर लिहिणाऱ्या मुलाचा हात व्हाइसवर (तुकडा पकडायच्या शिकंज्यावर) डुलतच असतो. लेखी चाचणी ठेवा, पण तिला कौशल्याची चाचणी म्हणू नका.

चाचणी जॉबचीच, म्हणजे मुलाने हाताने घडवलेल्या तुकड्याचीच हवी. 50×50×10 मिमीचा एमएस (मऊ पोलादाचा) तुकडा, 48 मिमी चौरस करायचा, टॉलरन्स (चालणारी तफावत) ±0.1 मिमी, वेळ सर्वांना सारखा. माप 0.02 मिमी लघुत्तम मापाच्या व्हर्निअरने घ्या, प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी. एकाच ठिकाणी घेतलेलं माप दगा देतं: हात डुलला की पृष्ठभाग मध्ये फुगतो आणि कडा उतरतात, मधलं माप 48.00 दाखवतं, जॉब मात्र वाया गेलेला असतो. म्हणून गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून फटीतून उजेड दिसतो का तेही बघा, आणि त्याचे गुण वेगळे लिहा. तुकड्यावर नाव नको, नंबर पंच मारा. तपासणारे दोघे असावेत आणि त्यांतला कोणीही शिकवणारा निदेशक नसावा. दोघांची मापं आधी पाचेक जुन्या जॉबवर ताडून बघा. जुळत नसतील तर पुढे जाऊच नका. ज्याने कधी कानस धरली नाही अशा मार्गदर्शकाला हे सगळं अति वाटेल. वाटू द्या.

दुसरी अडचण निदेशकांची. एका युनिटमध्ये 20 जण, निदेशक एक. ‘अ’ युनिटला व्हिडिओ आणि ‘ब’ला फळा दिलात, तर फरक पद्धतीचा की निदेशकाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. सारख्या अवघडपणाचे दोन जॉब निवडा आणि दुसऱ्या जॉबला पद्धतींची अदलाबदल करा. दोन्ही निदेशक दोन्ही पद्धतींनी शिकवतील.

‘तुम्हाला व्हिडिओ आवडला का’ छापाची पाच पर्यायांची तयार प्रश्नावली माझ्या मते वेळेचा अपव्यय आहे. त्यापेक्षा कार्यशाळेत उभं राहून कोण किती वेळा व्हिडिओ थांबवून पुन्हा बघतो, कुठल्या पायरीला बघतो, ते टिपा.

प्रवेशाचं किमान वय 14 आहे, त्यामुळे बरेच प्रशिक्षणार्थी अल्पवयीन असतात; पालकांची लेखी संमती लागेल. प्राचार्यांची परवानगीही लेखीच घ्या. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेच्या तोंडावर जाऊ नका, कोणी दारातही उभं करणार नाही.

चाळीस जणांवरचं काम लहान वाटून घाबरायचं कारण नाही. चाळीस नीट मोजलेले जॉब चारशे प्रश्नावल्यांपेक्षा जास्त सांगतात, आणि निष्कर्ष ‘फरक आढळला नाही’ असा आला तरी तो जसाच्या तसा लिहा. तुकडे मात्र तोंडी परीक्षा होईपर्यंत तेल लावून जपून ठेवा. मापांवर शंका आलीच, तर पुन्हा मोजून दाखवता येतील.