मिक्सर-पंखे दुरुस्तीच्या व्हिडिओंचा खर्च त्या व्हिडिओंतूनच कसा काढायचा

बंद पडलेला मिक्सर टेबलावर घ्यायचा, मोबाईल स्टँडला लावायचा आणि उघडता उघडता शूट करून यूट्यूबवर टाकायचं, असं करणारे आपल्याकडे आता गावोगावी आहेत. प्रॉब्लेम एवढाच की छंद म्हटला तरी सामान फुकट येत नाही, मल्टीमीटर लागतो, सोल्डरिंग आयर्न लागतं, दोन-चार प्रकारचे कपलर (मिक्सरची मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा) आणि मोटरचे कार्बन ब्रश आणून ठेवावे लागतात, आणि मग घरचे विचारतात की ह्यातून मिळतं काय.

तर पहिल्यांदा हे डोक्यात पक्कं करा की मराठी रिपेअर चॅनेलवर जाहिरातीतून पगार निघणं अवघड आहे, मराठी व्हिडिओवर जाहिरातीचा दर इंग्रजीपेक्षा कमीच पडतो. पण सामानाचा खर्च सुटणं अजिबात अवघड नाही, आणि तो सुटतो जास्त करून लिंकमधून (व्हिडिओखाली पार्टची लिंक द्यायची, तिथून कोणी घेतलं की तुम्हाला कमिशन), कारण दुरुस्तीचा व्हिडिओ बघणारा माणूस टाइमपास करायला आलेला नसतो. त्याच्या घरी पंखा अडकलाय आणि त्याला एक पार्ट हवाय, कुठला ते माहीत नाही एवढंच. तो तुम्ही नीट सांगितलात की अर्धं काम झालं.

आधी वही काढा

वर्षाला ह्या छंदावर किती जातात ते लिहा. हत्यारं एकीकडे, संपणारं सामान (सोल्डर, फ्लक्स, वायर, स्लीव्ह, कपॅसिटर) एकीकडे, आणि ट्रायपॉड, कॉलर माईक, लाईट तिसरीकडे. जो आकडा येईल तो तुमचा टार्गेट. समजा बारा हजार आला तर महिन्याला हजार रुपये, आणि हजार रुपये हा असा आकडा आहे की त्यासाठी व्हिडिओ व्हायरल व्हायची गरज नाही. ही वही पुढे टॅक्सच्या वेळीही कामाला येते, त्यामुळे बिलं टाकू नका.

कुठला व्हिडिओ बनवायचा

'माझी हत्यारं बघा' हा व्हिडिओ करायला मजा येते पण तो शोधत कोणी येत नाही. लोक शोधतात ते 'पंखा हळू फिरतो', 'मिक्सर चालू होतो पण भांडं फिरत नाही', 'इस्त्री गरम होत नाही' असं, म्हणजे बिघाड जसा दिसतो तसा. टायटल तसंच द्या. आणि बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, तेव्हा टायटल देवनागरीत ठेवलंत तरी डिस्क्रिप्शनमध्ये एक ओळ रोमनमध्ये टाका.

मॉडेल दिसतं तिथे मॉडेल नंबर कॅमेऱ्याला दाखवा, पार्टवर छापलेलं वाचून दाखवा. सीलिंग फॅनच्या कपॅसिटरवर २.५ एमएफडी (म्हणजे मायक्रोफॅरड) लिहिलंय की ३.१५ हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, नाहीतर तो तुमच्या लिंकवरून चुकीचा पार्ट मागवेल आणि परत करेल, आणि परत केलेल्या वस्तूचं कमिशनही परत जातं. आणि प्लग काढला, कपॅसिटर डिस्चार्ज केला (त्यात साठलेली वीज काढून टाकली), हे प्रत्येक व्हिडिओत दाखवा, कितीही वेळा दाखवलेलं असलं तरी. मायक्रोवेव्ह उघडायचे व्हिडिओ मात्र माहिती पक्की नसेल तर करूच नका, आतला हाय व्होल्टेज कपॅसिटर जीव घेऊ शकतो, त्यात व्ह्यूज मिळाले काय आणि नाही काय.

जाहिराती चालू करणं

यूट्यूबच्या जाहिरातीतून वाटा मिळायला चॅनेलवर १००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४००० तास पब्लिक वॉच टाइम लागतो, किंवा मग ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. त्याच्या आधीची एक छोटी पायरी आहे, ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ पब्लिक व्हिडिओ आणि ३००० तास (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज), तिथे जाहिराती नाहीत पण सुपर थँक्स (बघणाऱ्याने खुशीने दिलेले पैसे) आणि मेंबरशिप (महिन्याची वर्गणी) चालू होतं. शॉर्ट्सच्या मागे लागून १ कोटी गाठायचा विचार रिपेअरवाल्याने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, तीन मिनिटांच्या शॉर्ट्समध्ये मोटर रिवाइंडिंग शिकवता येत नाही. लांब व्हिडिओत तास आपोआप साठतात कारण माणूस स्क्रू उघडताना व्हिडिओ थांबवतो, मागे नेतो, परत बघतो.

चालू झालं की लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या पैशातले ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्सचे ४५ टक्के. ८ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ असेल तर मध्ये पण जाहिरात टाकता येते, आणि ही जागा स्वतः ठरवा, ऑटोमॅटिकवर सोडू नका, कारण ऑटोमॅटिकवर कधी कधी ती नेमकी 'आता ही लाल वायर' म्हटल्यावर येते आणि समोरचा हातात पक्कड धरून साबणाची जाहिरात बघत बसतो. गंज सुटायला लिक्विड टाकून ठेवलंय, सोल्डर थंड होतंय, नवीन पार्ट पाकिटातून काढताय, अशा थांब्यावर टाका. आणि वीज बंद करायच्या सूचनेच्या आसपास तर कधीच नको.

एक गोष्ट जुना रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्यांसाठी खास. सेट चालू झाल्याचा आनंद म्हणून आपण एखादं जुनं गाणं लावतो, आणि यूट्यूबची सिस्टिम ते गाणं ओळखते, कॉपीराइट क्लेम येतो आणि त्या व्हिडिओचे जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात. सेट तपासायला स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेली कॅसेट ठेवा, 'हॅलो हॅलो माईक टेस्टिंग' सुद्धा चालतं, वॉव-फ्लटर (टेपचा वेग कमीजास्त झाल्यामुळे आवाज डगमगणं) त्यातही ऐकू येतं. रेडिओ असेल तर स्टेशन लागलं एवढं दोन सेकंद दाखवून आवाज कमी करा. क्लेम आलाच तर यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल सांभाळायचं यूट्यूबचं पान) तेवढा भाग म्यूट करता येतो.

लिंक, म्हणजे खरी कमाई

लिंकवरून झालेल्या खरेदीवर कमिशन देणारा अमेझॉनचा असोसिएट्स प्रोग्रॅम भारतात आहे, अकाउंट फुकट उघडतं, त्यात तुमच्या चॅनेलची लिंक नोंदवायची. पहिल्या १८० दिवसांत ३ विक्री झाल्या पाहिजेत नाहीतर अकाउंट बंद करतात (परत अर्ज करता येतो), आणि म्हणूनच पहिल्या दिवशी घाईने अकाउंट उघडू नका, थोडे व्हिडिओ आणि थोडी माणसं जमू द्या. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी खरेदी करून ती ३ भरायची नाही, ते नियमात बसत नाही. यूट्यूबचाही शॉपिंगचा अ‍ॅफिलिएट (म्हणजे असाच कमिशनचा) प्रोग्रॅम २०२४ मध्ये भारतात फ्लिपकार्ट आणि मिंत्रापासून सुरू झालाय, त्यात प्रॉडक्ट थेट व्हिडिओवर टॅग करता येतं, पण दुरुस्तीच्या पार्टसाठी साधी डिस्क्रिप्शनमधली लिंकच जास्त उपयोगी.

आता गणित बघा. समजा कमिशन ५ टक्के (कॅटेगरीप्रमाणे बदलतं). ६० रुपयांचा कपॅसिटर विकला तर मिळाले ३ रुपये. ८०० चा मल्टीमीटर विकला तर ४०. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओखाली दोन प्रकारच्या लिंक ठेवा, एक त्या दुरुस्तीचा पार्ट आणि एक त्यासाठी लागलेलं हत्यार. क्लिक केल्यावर २४ तासांत त्याने कार्टमध्ये आणखी काही टाकून घेतलं तर त्याचंही बऱ्याचदा धरलं जातं, लोक कपॅसिटर बघायला जातात आणि बादली घेऊन येतात.

लिंक कुठे टाकायची हे महत्त्वाचं. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळीच आधी दिसतात, बाकी 'आणखी' दाबल्यावर, आणि ते कोणी दाबत नाही. पहिल्या ओळीत पार्टचं नाव आणि साइज, शेजारी लिंक, आणि तेच पिन केलेल्या कॉमेंटमध्ये. शॉर्ट्सच्या खाली टाकलेल्या लिंक क्लिक होत नाहीत हे लक्षात ठेवा. नव्या चॅनेलवर लिंक नुसत्या अक्षरांसारख्या दिसत असतील तर स्टुडिओत ओळखीचं व्हेरिफिकेशन करून अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स चालू करून घ्या. व्हिडिओत किंमत बोलू नका, महिन्यात बदलते आणि मग कॉमेंटमध्ये वाद.

आणि हा मुद्दा नफ्याचा वाटणार नाही पण तोच नफ्याचा आहे. जो पार्ट कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो दुकानातूनच घ्या असं सांगा. ६० रुपयांच्या कपॅसिटरवर डिलिव्हरीचे ४० देण्यात अर्थ नाही, पुण्यातल्या माणसाला तापकीर गल्ली आणि मुंबईतल्याला लॅमिंग्टन रोड सांगा, 'जुना पार्ट खिशात घालून जा आणि दाखवून घ्या' असं सांगा. मग त्याच माणसाला तुम्ही म्हणालात की हा मल्टीमीटर मी वापरतो, तर तो तुमच्या लिंकवरून घेईल. आणि जिथे नुसता कपलर घट्ट करून काम होतं तिथे 'नवीन मिक्सर घ्या, लिंक खाली' म्हटलंत तर दुरुस्तीच्या चॅनेलला काही अर्थ राहत नाही. अमेरिकेतली आयफिक्सिट कंपनी २००३ पासून दुरुस्तीच्या गाइड फुकट देते आणि पार्ट नि हत्यारं विकून चालते, मॉडेल तेच आहे, आपलं खूप छोटं.

कमिशन मिळतं हे उघड सांगायचं

अमेझॉनचीच अट आहे की असोसिएट म्हणून खरेदीवर कमिशन मिळतं हे लिहावं लागतं. शिवाय जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय ह्या संस्थेचे २०२१ पासून इन्फ्लुएन्सरसाठी नियम आहेत, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, तो जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही लागू शकतो. घाबरायचं कारण नाही, लिंकच्या वर मराठीत एक ओळ टाका, 'खालच्या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत', आणि व्हिडिओत एकदा बोला. कंपनीने हत्यार फुकट पाठवलं असेल तर तेही सांगा आणि अपलोड करताना पेड प्रमोशनचा बॉक्स टिक करा. फुकट वस्तूंची किंमत एका कंपनीकडून वर्षाला २० हजारांच्या वर गेली तर १० टक्के टीडीएसचा विषय येतो, त्यामुळे 'सर, पाच मशीन पाठवतो' असा मेल आला की हुरळून जाऊ नका, आधी विचारा की परत द्यायच्या आहेत का.

पैसे बँकेत येईपर्यंत

इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात. अ‍ॅडसेन्समध्ये (जाहिरातीचे पैसे जमा होणारं गूगलचं खातं) १० डॉलर झाले की गूगल पोस्टाने एक पिन पाठवतं, तो ४ महिन्यांत टाकला नाही तर जाहिराती थांबतात. पत्ता तुमच्या पोस्टमनला कळेल असाच लिहा, वाड्याचं नाव, चाळ नंबर, 'मारुती मंदिरामागे' सगळं. नाव बँकेत आणि पॅनवर आहे अगदी तसंच. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, झाले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. पैसे परदेशातून येतात म्हणून बँकेचा स्विफ्ट कोड लागतो, खातं छोट्या सहकारी बँकेत असेल तर आधी शाखेत जाऊन विचारा.

मग अमेरिकेच्या टॅक्सचा फॉर्म. डब्ल्यू-८बीईएन भरला नाहीत तर अमेरिका सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकते. भारताचा अमेरिकेशी असलेला टॅक्सचा करार त्यात दाखवलात तर १५ टक्के, तेही फक्त अमेरिकेतून बघितल्या गेलेल्या भागावर. न्यू जर्सीतल्या आपल्या माणसांनी इथून नेलेला २३० व्होल्टचा मिक्सर कसा चालवायचा ह्यावर व्हिडिओ कराल तेव्हा तो भाग वाढेल, आणि तिकडच्या व्ह्यूजला जाहिरातीचा दरही चांगला असतो, म्हणजे हा विषय डोक्यात ठेवा. भारतात ही सगळी कमाई रिटर्नमध्ये दाखवायची, लिंकच्या कमिशनवर कापलेला टीडीएस तिथे जमेला येतो, आणि वहीतली बिलं खर्चात. रक्कम वाढली की सीएला विचारा.

चहापाण्यासाठी यूपीआयचा क्यूआर टाकणारेही आहेत, चालतं, फक्त यूपीआय आयडीत मोबाईल नंबर असेल तर वेगळा आयडी बनवून घ्या नाहीतर रात्री अकराला 'दादा गिझर बंद आहे' म्हणून फोन सुरू होतात.

महिन्यातून एकदा

जुन्या व्हिडिओंच्या लिंक उघडून बघा. पार्ट संपलेला असतो, विक्रेता बदललेला असतो, कधी त्याच पानावर वेगळ्या साइजचा माल असतो. जास्त व्ह्यूजवाले पहिले दहा तपासलेत तरी पुरे. आणि सीझन बघून टाका, पंख्याचे व्हिडिओ होळीच्या आधी, इन्व्हर्टर बॅटरीचे पावसाळ्याच्या तोंडावर, मिक्सरचे दिवाळीच्या फराळाच्या महिनाभर आधी, कारण व्हिडिओ सर्चमध्ये वर यायला वेळ लागतो आणि चकलीची भाजणी दळायला बसल्यावर मिक्सर बंद पडलेली बाई तुमच्या अपलोडची वाट बघत थांबत नाही.