ग्लासगोहून इन्व्हरेरीला जाताय? खिडकी ड्रायव्हरच्या बाजूची घ्या

स्कॉटलंडमधल्या लॉख फाइनच्या ('लॉख' म्हणजे सरोवर किंवा समुद्राची खाडी) काठावरच्या या अठराव्या शतकातल्या गावाला रेल्वे नाही आणि बसच्या फेऱ्या मोजक्याच आहेत, त्यामुळे एका दिवसात जाऊन यायचं तर वेळ हमखास चुकते.

१. आधी परतीची बस ठरवा, मग जाण्याची. ग्लासगोच्या ब्युकॅनन बस स्टेशनवरून सिटीलिंक कंपनीच्या बस सुटतात, सुमारे पावणेदोन तास लागतात. दोन्ही तिकिटं ऑनलाइन आधीच काढा.

२. जाताना ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे बसा. टार्बेट गावापर्यंत लॉख लोमंड त्याच बाजूला राहतं, आणि हा प्रवासातला सगळ्यात देखणा टप्पा आहे. येताना डावीकडे.

३. उतरल्यावर पाऊस नसेल तर थेट डून ना कुएख टेकडीकडे निघा. वाट इन्व्हरेरीच्या किल्ल्याच्या आवारातून जाते, चढ दमवतो. पण माथ्यावरच्या जुन्या बुरुजापासून अख्खं पांढरं गाव, किल्ला आणि लॉख एका नजरेत मावतं. इथे घाई करू नका. १८२० चं न्यायालय आणि तुरुंग आता संग्रहालय आहे, ते पावसासाठी राखून ठेवा. पाऊस तिथे येतोच!

किल्ला हिवाळ्यात बंद असतो, उन्हाळ्यातही उघडण्याचे वार पाहून घ्या.

एक सावधगिरी: बसच्या वाटेवरच्या 'रेस्ट अँड बी थँकफुल' घाटात दरड कोसळून ए८३ रस्ता अधूनमधून बंद होतो. निघण्याआधी ट्रॅफिक स्कॉटलंडची वेबसाइट पाहा आणि परतीसाठी शेवटच्या बसवर कधीही विसंबू नका, तिच्या आधीची पकडा.