मंदीत दोन कंत्राटांमधला काळ परदेशात कसा घालवावा

मंदीची चाहूल फ्रीलान्सरला आधी ईमेलमधून लागते. ‘या तिमाहीत बजेट थांबवले आहे, पुढच्या तिमाहीत बोलू’ असे दोन-तीन ग्राहकांनी एकाच महिन्यात कळवले, की ऐरोली-महाप्यातल्या किंवा वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांसाठी घरून काम करणाऱ्याला पुढचे चित्र दिसू लागते. अशा वेळी घरी बसून रोज दर कमी करत जाण्यापेक्षा सहा-आठ आठवडे परदेशात स्वस्तात राहून येणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मात्र त्यासाठी परतल्यानंतरच्या महिन्यांची सोय निघण्यापूर्वी झालेली असली पाहिजे.

पहिली पायरी : हिशेब शेवटाकडून मांडावा

बहुतेक जण तिकीट आणि हॉटेलपासून हिशेब सुरू करतात आणि उरलेल्या पैशांत परतल्यावर भागेल असे धरून चालतात. मंदीत हे धोक्याचे आहे, कारण नवे कंत्राट मिळायला वेळ लागतो आणि मिळाल्यावरही पहिले बिल वठायला तीस ते साठ दिवस सहज जातात. म्हणून परतल्यानंतरचे चार महिने आधी बाजूला काढावेत.

समजा, शिल्लक ७ लाख रुपये आहे आणि घोडबंदर रोडवरच्या घराचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ७० हजार आहे. परतल्यानंतरच्या चार महिन्यांचे २ लाख ८० हजार, आगाऊ कराचे ६० हजार आणि आजारपण किंवा तातडीने परतण्यासाठीचे १ लाख वेगळे ठेवले, की २ लाख ६० हजार उरतात. घर बंद असतानाही हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, विम्याचे हप्ते आणि आई-वडिलांची औषधे मिळून महिन्याला ४५ हजार लागत असतील, तर अडीच महिन्यांच्या सुट्टीसाठी हातात १ लाख ४७ हजार ५०० रुपयेच राहतात. विमानप्रवास, व्हिसा, विमा आणि राहणे-खाणे एवढ्यात अडीच महिने बसवणे फार ओढाताणीचे होईल. तीच सुट्टी दीड महिन्याची केली तर १ लाख ९२ हजार ५०० उरतात आणि दिवसही कमी असल्याने हात आखडावा लागत नाही. सुट्टी किती दिवसांची असावी, हे मनाने न ठरवता या वजाबाकीने ठरवावे. येणे असलेले पण अजून जमा न झालेले बिल शिल्लक म्हणून धरू नये. माझे एक बिल पाच महिने अडकले होते आणि त्याच्या भरवशावर तिकीट न काढल्याचे समाधान मला आजही आहे.

दुसरी पायरी : कंत्राट चालू असतानाच व्हिसासाठी अर्ज करावा

युरोपातल्या शेंगेन देशांसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटासाठी, अर्ज करताना बँकेची विवरणे, आयकर विवरणपत्रे आणि भारतात परतण्याची कारणे दाखवावी लागतात. नोकरदाराकडे कंपनीचे रजेचे पत्र असते, तर आपल्याकडे चालू कंत्राट आणि दर महिन्याला खात्यात पडणारी रक्कम एवढाच पुरावा असतो. कंत्राट संपून दोन महिने झाल्यावर तोच अर्ज कमकुवत दिसतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे ही सोय वापरावी. तिथे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

खर्च कमी ठेवायचा असेल तर व्हिएतनाम सोयीचा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथला ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो आणि एकदाच प्रवेशाच्या व्हिसाचे शुल्क २५ डॉलर आहे. मात्र होई आन आणि दा नांगच्या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोठा पाऊस आणि पूर येतात, तेव्हा त्या काळात तिथे मुक्काम ठेवू नये. नेपाळला तर व्हिसाच लागत नाही. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. ती कमी असल्यास ठाणेकरांना वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरण करता येते.

पर्यटक व्हिसावर काम करण्याचा प्रश्न बरेच जण टाळतात. लॅपटॉपवर भारतीय ग्राहकाचेच काम करत असलो तरी बऱ्याच देशांत त्याला परवानगी नसते किंवा नियम संदिग्ध असतो. सुट्टीत थोडे काम घ्यायचेच असेल, तर त्यासाठीचा व्हिसा असलेला देश निवडावा. थायलंडने जुलै २०२४ मध्ये असा पाच वर्षांचा व्हिसा सुरू केला असून त्यावर एका वेळी १८० दिवस राहता येते, पण त्यासाठी ५ लाख बाट एवढी शिल्लक दाखवावी लागते. वरच्या उदाहरणातल्या माणसाला ते झेपणारे नाही. त्याने ही सुट्टी खरोखरच सुट्टी म्हणून घ्यावी.

तिसरी पायरी : कर आणि ओटीपी

उत्पन्न थांबले म्हणून विवरणपत्रे थांबत नाहीत. जीएसटी नोंदणी असेल तर शून्य उलाढालीचेही विवरणपत्र भरावे लागते. जीएसटीआर-३बी या सारांश विवरणपत्रासाठी त्याचे विलंब शुल्क दिवसाला २० रुपये आहे आणि मासिक विवरणपत्रे सलग सहा महिने चुकल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. परदेशी ग्राहकांसाठीचे एलयूटी, म्हणजे जीएसटी न भरता सेवा निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र, दर आर्थिक वर्षासाठी नव्याने द्यावे लागते, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये बाहेर असणाऱ्यांनी ते सीएकडे सोपवून जावे. अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने, म्हणजे एकूण जमेचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरून, कर भरणाऱ्यांचा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरायचा असतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिल्यास करनिवासी दर्जा (करासाठी भारताचे रहिवासी धरले जाणे) कायम राहतो, तेव्हा दोन महिन्यांच्या सुट्टीने त्यात फरक पडत नाही.

ही सर्व कामे शेवटी मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर अडतात. भारतीय सिम चालू ठेवावे, निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्यावे आणि ९० दिवस वापराविना राहिलेला क्रमांक बंद होऊ शकतो हे ध्यानात ठेवावे. डेबिट आणि क्रेडिट कार्डांचा परदेशातील वापर बँकेच्या ॲपमधून स्वतःहून सुरू करावा लागतो. तो घरी असतानाच करावा, विमानतळावर नव्हे.

चौथी पायरी : घर

महावितरणचे बिल, गृहकर्जाचा हप्ता आणि मेंटेनन्स खात्यातून आपोआप जातील अशी व्यवस्था करावी. पाण्याचा आणि गॅसचा व्हॉल्व्ह बंद करावा, फ्रिज रिकामा करून दार उघडे ठेवावे. पावसाळ्यात घर बंद ठेवणे शक्यतो टाळावे, कारण आपल्याकडच्या दमट हवेत महिनाभरात कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यावी आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना परतीची तारीख कळवावी. मेडिक्लेमचा हप्ता या काळात येत असेल तर आधीच भरावा. प्रवास विमा वेगळा असतो आणि तो निघण्यापूर्वीच घ्यायचा असतो.

आता नवी मुंबईतूनही विमाने सुटत असल्याने तिकिटावर विमानतळाचे नाव नीट वाचावे. ऐरोलीहून सहार (मुंबई विमानतळ) आणि उलवे (नवी मुंबई विमानतळ) यांचे रस्ते वेगळ्या दिशांना जातात.

पाचवी पायरी : परतीचा महिना

परतीचा दिवस ग्राहकांच्या बजेटवरून ठरवावा. अनेक परदेशी कंपन्यांचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि भारतीय कंपन्यांचे एप्रिलमध्ये. नोव्हेंबरच्या मध्यावर निघून डिसेंबरअखेर परतणाऱ्याला पहिल्या गटाची नवी बजेटे आणि दुसऱ्या गटाची मार्चअखेरची घाई, अशा दोन्ही संधी मिळतात. परतण्याच्या तीन आठवडे आधी जुन्या ग्राहकांना अमुक तारखेपासून उपलब्ध असल्याचे दोन ओळींत कळवावे. सुट्टीचे स्पष्टीकरण देत बसू नये आणि त्या पहिल्या पत्रात दर कमी करू नये, कारण वेगळे ठेवलेले चार महिने त्यासाठीच आहेत.